डायनाको स्टिरिओ ७०: प्लेट लाल होते, डावीकडून घरघर येते, नवे व्हॉल्व्ह घेण्याआधी काय तपासायचे

प्रश्न थोडक्यात असा: भावाने न्यू जर्सीहून सामानाबरोबर जुना डायनाको स्टिरिओ ७० हा व्हॉल्व्हवर चालणारा अँप्लिफायर (अँप) पाठवला. पुण्यात १२० व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालू केला. दहा मिनिटांत डाव्या चॅनेलच्या दोनपैकी एका ईएल३४ या आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट (करंट गोळा करणारा आतला पत्रा) लाल झाली. घरघरही फक्त डाव्या स्पीकरमधूनच येते. मेकॅनिक म्हणतो, चारही व्हॉल्व्ह बदला. बदलावेत का, आणि याला स्पीकर कोणते लावावेत?

व्हॉल्व्ह आत्ता घेऊ नका, आणि तपासणी होईपर्यंत अँप चालूही करू नका. दोष सॉकेटमागच्या सर्किटमध्ये असेल तर नवा ईएल३४ तिथे बसवल्यावर तोही दहा मिनिटांत लाल होईल आणि सगळा खर्च पाण्यात जाईल. तुमच्या वर्णनावरून शंका त्या सर्किटचीच जास्त येते. शिवाय लाल प्लेट आणि घरघर या दोन तक्रारी बहुधा एकाच दोषातून आल्या आहेत.

हा अँप फिलाडेल्फियाच्या डायनाको कंपनीने डेव्हिड हॅफलर यांच्या काळात, १९५९ मध्ये आणला. दर चॅनेलला ३५ वॅट. आउटपुटला चार ईएल३४ (अमेरिकी नाव ६सीए७), त्यांना सिग्नल देणारे दोन ७१९९ आणि एसीचा डीसी करणारा एक जीझेड३४ रेक्टिफायर. तो किट म्हणूनही भरपूर विकला गेला, म्हणजे आतले सोल्डरचे टाके कारखान्यातल्या कारागिराचे असतील किंवा पहिल्या मालकाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर घातलेले असतील. म्हणून झाकण उघडल्यावर आधी भिंगाने टाके बघा. करडा, दाणेदार किंवा तारेभोवती गोल भेग पडलेला टाका दिसला की तो वितळवून, थोडे नवे सोल्डर देऊन पुन्हा घाला. बरेच विचित्र दोष एवढ्यानेच जातात.

त्याआधी सुरक्षिततेचे. आत ४०० व्होल्टच्या वर डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो फिल्टर कपॅसिटरमध्ये शिल्लक राहू शकतो. प्लग काढून पंधरा मिनिटे थांबा. मग १० किलोओहम, १० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर चांगल्या इन्सुलेशनच्या वायरींना जोडून एक टोक चासीला (अँपच्या धातूच्या सांगाड्याला) आणि दुसरे जीझेड३४च्या ८ नंबरच्या पिनला दहा सेकंद लावून ठेवा. त्यानंतर मल्टिमीटर १००० व्होल्ट डीसीवर ठेवून तिथेच मोजा. १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत हात घालायचा नाही. चालू अँपवर मोजताना काळी प्रोब क्लिपने चासीला अडकवा, लाल प्रोब एका हातात धरा आणि दुसरा हात खिशात ठेवा. जुनी दोन तारांची कॉर्ड काढून तीन तारांची लावा आणि अर्थ थेट चासीला स्क्रूने घट्ट बसवा.

आता लाल प्लेटकडे येऊ. बायस म्हणजे व्हॉल्व्हच्या ग्रिडला देऊन त्याचा करंट आवरणारे उणे व्होल्टेज. या अँपमध्ये बायसचा पॉट (फिरवून कमीजास्त करायचा रेझिस्टर) चॅनेलला एकच असतो आणि तो त्या चॅनेलच्या दोन्ही ईएल३४ना मिळून हे व्होल्टेज देतो. बायस सप्लायचा जुना सेलेनियम रेक्टिफायर तर चौघांसाठी एकच. त्यामुळे लाल किती व्हॉल्व्ह होतात यावरून दोषाची जागा बरीच कळते. चारही लाल झाले तर सेलेनियम किंवा त्याच्याजवळचे कपॅसिटर. एका चॅनेलचे दोन्ही लाल झाले तर त्या बाजूचा पॉट. दोनपैकी एकच लाल होत असेल तर दोष पॉटच्या पुढे, त्या एका व्हॉल्व्हच्या वाटेवर आहे. तुमच्याकडे एकच लाल होतो, त्यामुळे संशयित चारच उरतात: तो व्हॉल्व्ह, त्याचा ०.१ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर (७१९९कडून सिग्नल आणणारा, पण डीसी अडवणारा), ग्रिडला बायस पोचवणारा रेझिस्टर आणि सॉकेटची ५ नंबरची, म्हणजे ग्रिडची पिन.

व्हॉल्व्ह दोषी आहे की नाही हे फुकटात कळते. थंड अँपमध्ये डावीकडच्या दोन ईएल३४ची अदलाबदल करा. डाव्या चॅनेलचा बायस पॉट जास्तीत जास्त उणे बाजूला फिरवा; ती बाजू कोणती हे ५ नंबरच्या पिनवर मोजून ठरवा. स्पीकर किंवा ८ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर दोन्ही चॅनेलना जोडलेला हवा. खोलीतला दिवा घालवा, अँप चालू करा आणि पाच मिनिटे नजर हलवू नका. लाली व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या सॉकेटवर गेली तर व्हॉल्व्ह गेला. ती त्याच सॉकेटवर राहिली तर व्हॉल्व्हचा काही संबंध नाही. लाली दिसताक्षणी बंद करा. हीटरचा नारिंगी उजेड आणि प्लेटच्या करड्या पत्र्यावर उमटणारा मंद लाल डाग यांत गल्लत करू नका. हीटर वरून आणि खालून दिसतो. डाग पत्र्याच्या मधोमध सुरू होऊन पसरतो.

लाली सॉकेटवरच राहिली तर दोन्ही सॉकेटच्या ५ नंबरच्या पिनवर चासीच्या संदर्भाने डीसी मोजा. साधारण उणे ३० ते ४० व्होल्ट मिळायला हवेत, आणि दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. एकीकडे उणे ३६ आणि दुसरीकडे उणे ३० आले तर तो फरक कपलिंग कपॅसिटरच्या गळतीचा समजा. का, ते बघा. ७१९९च्या ट्रायोडच्या प्लेटवर ३०० व्होल्टच्या आसपास असतात आणि ग्रिडवर उणे ३५. म्हणजे त्या कपॅसिटरवर सुमारे ३३५ व्होल्ट पडतात. त्याचे इन्सुलेशन १५ मेगओहमपर्यंत उतरले की त्यातून २२ मायक्रोअँपिअर गळतात, आणि २७० किलोओहमच्या ग्रिड रेझिस्टरवर ते ६ व्होल्ट होतात. ईएल३४चा बायस ६ व्होल्टने कमी झाला की प्लेटचा करंट ५० मिलिअँपिअरवरून ९०च्या आसपास जातो. ४०० व्होल्टला ३६ वॅट. व्हॉल्व्हची मर्यादा २५. मग प्लेट लाल होणारच.

मेकॅनिकने ‘कपॅसिटर मीटरवर चेक केला, चांगला आहे’ असे सांगितले असेल तर त्यावर विसंबू नका. साधा मीटर ओहमच्या रेंजवर दोन-तीन व्होल्टनेच मोजतो. ३०० व्होल्टखाली होणारी गळती त्याला दिसत नाही. खरे तर तपासत बसण्यापेक्षा चारही ०.१चे कपॅसिटर सरसकट बदलावेत. ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलीन घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात आणि एका ईएल३४च्या किमतीच्या मानाने अगदी किरकोळ पडतात. ७१९९च्या प्लेटकडून येणाऱ्या दोघांवर कॅथोडकडून (व्हॉल्व्हच्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाकडून) येणाऱ्या दोघांपेक्षा बरेच जास्त व्होल्ट असतात, म्हणून एकाच बाजूची लाली असली की बोट आधी त्यांच्याकडे जाते.

पिन ५वर शून्य किंवा हलते आकडे येत असतील तर सॉकेटची पकड किंवा ग्रिड रेझिस्टरचा टाका बघा. पावसाळ्यात आपल्याकडे सॉकेटच्या आतल्या पत्तीवर ऑक्साइड चढतो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून व्हॉल्व्ह पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. पत्ती सैल वाटली तर दातकोरणीसारखी बारीक सुई घालून आतल्या बाजूला वळवा. हे काम अँप डिस्चार्ज केलेला असतानाच.

आता घरघर. पुश-पुलमध्ये, म्हणजे दोन व्हॉल्व्ह मिळून एक ट्रान्सफॉर्मर चालवतात अशा रचनेत, सप्लायचा रिपल (डीसीवर उरलेली लाट) आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही अर्ध्यांवर सारखाच येतो आणि एकमेकांना खोडतो. पण हे दोन्ही व्हॉल्व्ह सारखा करंट घेत असतील तरच. एक ९० आणि दुसरा ४० मिलिअँपिअर घेऊ लागला की खोडणे थांबते, वर ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातून डीसी वाहून तो खालच्या सुरांत लवकर संपृक्त होतो. म्हणजे घरघर ऐकू येते आणि तबल्याचा बायाँ भरीव न वाटता फुगल्यासारखा वाटतो. म्हणून म्हटले की दोन्ही तक्रारींचे मूळ एक असावे. डावीकडचा बायस जुळवल्यावर घरघर किती उरते ते ऐकून मगच पुढे जा.

मूळ रचनेत इथे एक उणीव आहे आणि ती दूर करणे मला फार महत्त्वाचे वाटते. एका चॅनेलच्या दोन्ही ईएल३४चे कॅथोड एकत्र जोडून १५.६ ओहमच्या एकाच रेझिस्टरमधून चासीला जातात. पुस्तिकेत सांगितले आहे की तिथे १.५६ व्होल्ट आणा, म्हणजे दोघांचे मिळून १०० मिलिअँपिअर. पण ५० आणि ५० असो की ७५ आणि २५, मीटर १.५६च दाखवतो! तुमच्या डाव्या चॅनेलवरही कोणी तरी १.५६ बरोबर लावून ‘बायस ठीक आहे’ म्हटले असेल. कॅथोड वेगळे करा, प्रत्येक ईएल३४च्या पिन ८पासून चासीला १० ओहम, एक टक्क्याचा, अर्धा किंवा एक वॅटचा मेटल फिल्म रेझिस्टर लावा. पिन १ त्याच सॉकेटच्या पिन ८ला जोडलेली आहे ना, तेही पाहा. आता ०.४० व्होल्ट म्हणजे ४० मिलिअँपिअर, हिशेब सरळ. जुन्या ट्रान्सफॉर्मरवर ५०ऐवजी ४० ठेवा. आवाजात ऐकू येईल असा फरक पडत नाही, उष्णता मात्र बरीच कमी होते. अँप वीस मिनिटे तापल्यावर लावायचे, तासाभराने पुन्हा बघायचे. एका चॅनेलच्या दोघांत ५ मिलिअँपिअरपेक्षा जास्त फरक राहिला तर जोडी जुळत नाही असे समजा. तेव्हा कुठे नव्या व्हॉल्व्हचा विचार करायचा.

बायस सप्लायचे काम याच बैठकीत उरका. सेलेनियम काढून १एन४००७ डायोड लावा. दिशा नीट पाहून, कारण इथे उणे व्होल्टेज हवे आहे. उलटा लावलात तर ग्रिडला अधिक व्होल्ट जाऊन चारही व्हॉल्व्ह एकदम लाल होतील. त्यामुळे ईएल३४ न बसवता आधी चारही सॉकेटच्या पिन ५वर उणे येते याची खात्री करा. तिथले दोन्ही इलेक्ट्रोलिटिक १०० व्होल्टचे नवे घाला. पॉटच्या मधल्या टोकापासून त्याच्या सर्वांत उणे टोकापर्यंत १०० किलोओहम जोडा. पॉट कधी आतून सुटला तर बायस नाहीसा होण्याऐवजी पूर्ण उणे होईल. आवाज खराब येईल, पण ट्रान्सफॉर्मर वाचेल.

बायस जुळूनही घरघर उरली तर आरसीए इनपुट शॉर्ट करून ऐका. फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारे एखादे मोफत अ‍ॅप घ्या आणि फोन वूफरजवळ धरा. १०० हर्ट्झचा उंचवटा मोठा असेल तर फिल्टर कपॅसिटर थकला आहे. ५०चा मोठा असेल तर हीटरची वायरिंग, अर्थ लूप किंवा ७१९९. दोन ७१९९ची आपसात अदलाबदल केली की तेवढे कळते.

फिल्टरचा मूळ चार भागांचा डबा ३०-२०-२०-२० मायक्रोफॅरड, ५२५ व्होल्टचा असतो. साठ वर्षांचा असेल तर त्यावर भरवसा ठेवू नका. तो दिसायला जागेवर राहू दे, तारा काढून घ्या. ५०० व्होल्टच्या वरचे इलेक्ट्रोलिटिक आपल्या बाजारात सहज मिळत नाहीत, म्हणून ४०० किंवा ४५० व्होल्टचे दोन सिरीजमध्ये घाला: ६८ मायक्रोफॅरडचे दोन म्हणजे ३४, ४७चे दोन म्हणजे २३.५. प्रत्येकावर २२० किलोओहम, एक वॅटचा रेझिस्टर समांतर हवाच, नाहीतर व्होल्टेज सारखे वाटले जात नाही. ‘जास्त घातले तर घरघर आणखी कमी होईल’ म्हणून पहिल्या जागी १०० किंवा २२० घालू नका. जीझेड३४नंतरच्या पहिल्या कपॅसिटरची मर्यादा ६० मायक्रोफॅरड आहे. त्यापुढे प्रत्येक अर्ध्या सायकलला रेक्टिफायरवर मोठा झटका बसतो आणि तो आत ठिणगी टाकतो.

नव्या बनावटीचे जीझेड३४ या अँपमध्ये शॉर्ट होण्याची तक्रार बरीच ऐकू येते. उपाय स्वस्त आहे. त्याच्या पिन ४ आणि ६कडे येणाऱ्या प्रत्येक तारेत दोन-दोन १एन४००७ एकामागे एक, डायोडवरची पट्टी व्हॉल्व्हच्या बाजूला ठेवून घाला. व्हॉल्व्ह शॉर्ट झाला तरी एसी फिल्टरमध्ये शिरत नाही. ट्रान्सफॉर्मर ३६०-०-३६०चा असल्याने उलटे व्होल्टेज हजारापर्यंत जाते, एक डायोड काठावर येतो; म्हणून दोन. जीझेड३४ काढून त्या जागी पूर्ण सॉलिड-स्टेट प्लग लावणे मात्र टाळा. सप्लाय वाढतो, आणि व्हॉल्व्ह थंड असतानाच पूर्ण व्होल्टेज येऊन बसते.

स्टेप-डाउनबद्दल कोणी बोलत नाही, पण दीर्घकाळात अँप मारणारे कारण तेच आहे. हा अँप ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झच्या देशातला. आपल्या ५० हर्ट्झवर तेच व्होल्टेज दिले तर गाभ्यातला फ्लक्स २० टक्क्यांनी वाढतो आणि ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. त्यात रात्री लाइन २४५ला गेली की तुमचा १२०चा स्टेप-डाउन १२८ देतो. २३० ते ११० असा घ्या: २४५ला तो ११७ देईल, २३०ला ११०. ११०वर हीटरला सुमारे ५.९ व्होल्ट मिळतात. ते दहा टक्क्यांच्या मर्यादेत बसते. व्हॉल्व्ह गरम असताना ईएल३४च्या पिन २ आणि ७मध्ये एसी मोजा, ५.८ ते ६.४ ठीक. ५०० व्हीएचा, दोन वेगळ्या वायंडिंगचा बनवून घ्या. स्वस्तात मिळतो तो ऑटो-ट्रान्सफॉर्मर मेन्सपासून वेगळे करत नाही.

दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालू करताना २३०च्या बाजूला सिरीज बोर्ड (मेन्सच्या वाटेत बल्ब जोडलेला बोर्ड) वापरा, पण बल्ब कोणता हे महत्त्वाचे. सगळे व्हॉल्व्ह काढून ६० वॅटचा पिवळा बल्ब लावा (एलईडी चालत नाही): एकदा चमकून मंद झाला की ट्रान्सफॉर्मर शॉर्ट नाही. व्हॉल्व्ह बसवल्यावर तोच बल्ब निरुपयोगी, कारण फक्त हीटरच ५३ वॅटच्या आसपास घेतात. तेव्हा २०० वॅटचा लावा आणि मिनिटभरात फक्त भडका उडतो का ते पाहा. मग बोर्ड काढून थेट, मूळ ३ अँपिअरच्या स्लो-ब्लो फ्यूजवर. फ्यूज उडाला तर मोठा घालायचा नाही.

एवढे करूनही व्हॉल्व्ह घ्यावे लागले तर जुळवलेला चौकडीचा संच घ्या. बाजारातल्या आजच्या ‘मलर्ड’ नावाच्या ईएल३४चा इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या जुन्या कारखान्याशी नावापलीकडे संबंध नाही. ते रशियात बनतात. नावासाठी जास्त पैसे मोजू नका. कोणी केटी८८ सुचवेल. त्याचा हीटर जास्त करंट घेतो आणि हा ट्रान्सफॉर्मर आधीच तापतो, म्हणून नको. जुन्या रेडिओवाल्यांकडे बेलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) ईएल८४ कधी कधी मिळतात. तो नऊ पिनांचा छोटा व्हॉल्व्ह आहे, इथे बसत नाही. ७१९९ महाग पडला तर ६जीएच८ए चालतो, पण त्याच्या पिनांची मांडणी वेगळी असल्याने अडॅप्टरशिवाय बसवू नका. काचेवरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर त्या व्हॉल्व्हमध्ये हवा शिरली, तो संपला. काचेच्या आतल्या बाजूला दिसणारा निळा उजेड निरुपद्रवी असतो. प्लेटच्या आत भरलेला जांभळट-गुलाबी उजेड वायूचा, तो व्हॉल्व्ह काढून टाका.

स्पीकर. ३५ वॅट कमी वाटतील, पण घरच्या बारा बाय चौदाच्या हॉलमध्ये ८८ ते ९० डीबी संवेदनशीलतेचा स्पीकर पुरतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचा इम्पीडन्स (एसीला होणारा रोध) सगळ्या सुरांना जवळजवळ सारखा असावा. कागदावर ८ ओहम आणि प्रत्यक्षात काही ठिकाणी ३वर उतरणारे स्पीकर आहेत. तसला असेल तर अँपच्या ४ ओहमच्या टॅपवर (स्पीकरच्या जोडणीवर) जोडून ऐका आणि ४ व ८ या दोन्हींत जिथे खालचा सूर घट्ट वाटतो तिथे ठेवा. स्पीकर न जोडता अँपला सिग्नल कधीही देऊ नका. ट्रान्झिस्टर अँपला शॉर्ट मारतो, व्हॉल्व्ह अँपला उघडे टोक: आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर इतके व्होल्टेज उसळते की सॉकेटच्या पिनांमध्ये ठिणगी पडते किंवा वायंडिंगचे इन्सुलेशन फुटते. वायरचे टोक सैल असले तरी हेच.

अँप शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवू नका. नुसता चालू असतानाच तो दीडशे वॅटच्या घरात उष्णता सोडतो. वर किमान १५ सेंटिमीटर मोकळे हवे. याला व्हॉल्यूम नाही आणि सुमारे १.३ व्होल्टला तो पूर्ण ताकद देतो. सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो, त्यामुळे थेट जोडलात तर आवाज एकदम सुटेल. वेगळा प्रीअँप घेण्याची घाई नसेल तर ५० किलोओहमचा दुहेरी लॉग पॉट एका धातूच्या डबीत बसवून मध्ये लावा, आणि डबीपासून अँपपर्यंतची केबल एक मीटरच्या आत ठेवा.